फवारणीवरून आल्यावर त्यांचे हात थरथरतात

वाचक भगिनीचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. आमच्या नावावर वावर नाही. माझे मिस्टर चार वर्षांपासून दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणीला जातात. पंपामागे चाळीस रुपये भेटतात, दिवसाला पंधरा-वीस पंप होतात. या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे. घरी आले की त्यांचं डोकं दुखते, डोळ्यांची आग होते, जेवण जात नाही, हात थरथरतात. मागच्या आठवड्यात उलट्या झाल्या, घामाने शर्ट ओला झाला. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी ते परत कामावर गेले. म्हणतात, सगळ्यांनाच होते, अंगाला सवय लागते. मालक तीन-चार औषधं एकत्र करून देतात, तोंडाला बांधायला फक्त दुपट्टा असतो. आल्यावर मी त्यांना दूध पाजते. त्यांचे कपडे मीच धुते, कधी वावरात पाणीही नेऊन देते. मला चौथा महिना चालू आहे. फवारणीला नाही म्हटलं तर मालक वेचणीलाही बोलावणार नाहीत. काय करावं?

उत्तर

ताई,

त्यांची फवारणी आजपासून बंद. पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर पुढे सविस्तर लिहिते, पण हे एवढं आजच त्यांना सांगा. आणि या आठवड्यात त्यांना ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा.

मागच्या आठवड्यात त्यांना झाली ती विषबाधा होती, असं तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला वाटतं. घाम, उलट्या, थरथर, डोकेदुखी ही लक्षणं उन्हानेही होतात, म्हणूनच गावात ‘ऊन लागलं’ म्हणून सलाईन लावलं जातं. पण फवारणी करून आलेल्या माणसाला ही लक्षणं असतील, तर विषबाधा नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असंच धरायचं. तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणं, छातीत घरघर, पोटात कळा, जुलाब, दंडाचे किंवा पापणीचे स्नायू आपोआप उडणं, यातलं काही सोबत असेल तर संशय आणखी पक्का होतो. एक खूण घरीही बघता येते. मंद उजेडात आपल्या डोळ्यातली काळी बाहुली मोठी होते. त्यांची बाहुली तशा उजेडातही टाचणीच्या डोक्याएवढी बारीक दिसली, तर १०८ ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. बाहुली बारीक नसली म्हणून मात्र निश्चिंत व्हायचं नाही, कारण प्रत्येक औषध बाहुलीवर परिणाम करत नाही.

आता ‘सवय लागते’ याबद्दल. हे वाक्य मी विदर्भात इतक्या घरांमध्ये ऐकलं आहे की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

कपाशीवर मारली जाणारी बरीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत. प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही त्यातली तुमच्याकडे ओळखीची नावं. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलीन नावाच्या एका रसायनातून. निरोप पोहोचला की ते रसायन लगेच मोडून टाकायचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. ही औषधं त्या एन्झाइमलाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. ग्रंथी पाझरत राहतात, म्हणून घाम आणि लाळ. स्नायू उडत राहतात आणि शेवटी थकून ढिले पडतात. श्वासाचे स्नायू ढिले पडले की माणूस जातो. अळी मरते तीही याच मार्गाने.

निकामी झालेलं एन्झाइम शरीर नव्याने तयार करतं, पण सावकाश. रक्तातल्या पाण्यासारख्या भागातलं, म्हणजे प्लाझ्मातलं एन्झाइम काही आठवड्यांत भरून येतं. तांबड्या पेशींमधलं पूर्ण भरून यायला तीन ते चार महिनेसुद्धा लागतात, कारण जुन्या पेशी जाऊन नव्या याव्या लागतात आणि एका तांबड्या पेशीचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं असतं. तुमचे मिस्टर तिसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा त्यांना बरं वाटत होतं, हे खरं असेल. एन्झाइम मात्र भरलेलं नव्हतं. सावकाराच्या खात्यात रोज थोडं फेडावं आणि रोज त्याहून जास्त चढावं, तसा हा हिशोब चालतो. त्यातही शरीर कमी एन्झाइमवर थोडंफार जुळवून घेतं, त्यामुळे लक्षणं पहिल्यासारखी जोरात जाणवत नाहीत. त्यालाच माणसं सवय म्हणतात. खरं तर त्या अवस्थेत माणूस काठावर असतो. एरवी नुसत्या डोकेदुखीवर निभावलं असतं तेवढ्याच विषाने तो एखाद्या दिवशी वावरातच कोसळतो.

२०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. जुलै ते ऑक्टोबर या काळात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, कित्येकांची दृष्टी काही दिवस गेली होती. त्या वर्षीही पऱ्हाटी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या होत्या. औषधं एकमेकांत मिसळली जात होती. हवा दमट आणि उष्ण होती, आणि जोरात बारीक फवारा उडवणारे बॅटरी-पेट्रोलचे पंप हातात आले होते. तुमच्या पत्रात यातल्या दोन गोष्टी तर स्पष्टच दिसतात, डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी आणि एकत्र केलेली औषधं. म्हणून मी एवढ्या कडक शब्दांत लिहिते आहे.

त्या घटनेनंतर राज्य सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आणली होती. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचं मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. बाटलीवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि ही नावं खाली बारीक अक्षरात असतात. मालकांच्या घरी पडलेल्या रिकाम्या बाटल्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रुग्णालयात त्या फोटोंचा फार उपयोग होतो. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ एसएल प्रकारावर तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशभर बंदीचा आदेश काढला. जुनी बाटली कुणी अजून काढत असेल, तर त्या वावरात पाऊलही ठेवू नये.

तपासणीबद्दल. डॉक्टरांना ‘कोलिनेस्टरेज’ची रक्ततपासणी करायला सांगा. बहुतेक ठिकाणी सिरम कोलिनेस्टरेज, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातल्या एन्झाइमची तपासणी होते. तांबड्या पेशींमधली तपासणी मोठ्या ठिकाणीच मिळते. यात एक अडचण आहे. निरोगी माणसांमध्येही या आकड्याचा पल्ला फार मोठा असतो. ज्याचा आकडा मुळात वरच्या टोकाला आहे, तो निम्म्यावर आला तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं येऊ शकतं. म्हणून एका रिपोर्टवर विसंबायचं नाही. फवारणी बंद ठेवून पाच-सहा आठवड्यांनी तीच तपासणी त्याच लॅबमध्ये परत करायची. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच वर गेला, तर आत्ता तो खाली होता हे आपोआप कळतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हंगामाआधीचा आकडा काढून ठेवतात. तांबड्या पेशींमधलं एन्झाइम त्याच्या ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर उतरलं, की मजुराला या औषधांच्या कामावरून काढावंच लागतं, आणि आकडा ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत घेता येत नाही. आपल्याकडेही १९७१ च्या कीटकनाशक नियमांत या गटातल्या औषधांचं काम करणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज दरमहा तपासण्याची तरतूद आहे. पंपामागे पैसे घेणाऱ्या मजुराची अशी तपासणी झालेली मी तरी पाहिलेली नाही, आणि त्याचा मला राग येतो. कायदा पन्नास वर्षांहून जुना आहे.

ही तपासणी फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि त्याच एन्झाइमवर घाव घालणाऱ्या कार्बामेट गटासाठी आहे, हेही लक्षात ठेवा. फिप्रोनिलने झटके येऊ शकतात, सायपरमेथ्रिनसारख्या औषधांनी चेहऱ्याला मुंग्या येतात, आग होते. यातलं काहीच त्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. मालक चार औषधं एकत्र करतात तेव्हा डॉक्टरचे हात तिथेच बांधले जातात. ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन हा उतारा आहे, त्याच्या जोडीला पीएएम नावाचं दुसरं इंजेक्शन आहे. बाकीच्या अनेक औषधांवर असा कुठलाच उतारा नाही, फक्त लक्षणं सांभाळत राहावं लागतं. पेशंटच्या अंगात नेमकं काय गेलंय हे कुणालाच माहीत नसेल, तर उपचार अंदाजाने होतात. मिश्रणाने अळी जास्त मरते असंही नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही मारलं तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यामागे आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडकी दिसली, तर फवारणी करावी, अशी कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. मालकांशी बोलताना हे सांगून बघा. माणसाच्या जिवाची गोष्ट ज्याला पटत नाही, त्याला औषधाच्या पैशांची पटते.

विष अंगात जातं कसं, याबद्दल एक मोठा गैरसमज आहे, आणि तो तुमच्या दुपट्ट्यात दिसतो. सगळ्यांना वाटतं विष नाकातोंडातून जातं. फवारणीत ते मुख्यतः कातडीतून जातं. आणि सगळी कातडी सारखी नसते. मागे माणसांवर पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाचे प्रयोग झाले, त्यात मनगट-कोपराच्या मधल्या भागातून जेवढं औषध आत गेलं, त्याच्या कितीतरी पट काखेतून आणि सर्वांत जास्त जांघेतून, पुरुषांच्या अंडकोशाच्या कातडीतून गेलं. आता पाठीवरचा पंप डोळ्यांसमोर आणा. झाकणाचं वायसर झिजलेलं असतं, वाकलं की द्रावण मागून पाठीवर, तिथून कमरेवर आणि खाली ओघळतं. पँट ओली होते, ती दिवसभर अंगावर वाळते. तोंडाला दुपट्टा बांधलेला माणूस कमरेखालून विष पीत असतो. आणि तो दुपट्टा स्वतःच भिजला की औषध नाकातोंडाशी धरून ठेवण्याचं काम करतो.

पऱ्हाटी डोक्याच्या वर गेल्यावर तर नळी वर धरून मारावं लागतं, आणि सगळा फवारा तोंडावर, मानेवर, हातावरून बाहीत ओघळत परत येतो. अशा वावरात फवारणी करायचीच नाही, हे माझं मत आहे. कुठला किट घालून करावी, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. यवतमाळच्या सप्टेंबरच्या दमट उकाड्यात प्लास्टिकचा सूट घालून माणूस अर्धा तास टिकत नाही, हे किट वाटणाऱ्यांनाही माहीत असतं.

पंधरा-वीस पंप म्हणजे सव्वादोनशे ते तीनशे लिटर द्रावण एका माणसाच्या पाठीवरून जातं. त्याहून वाईट म्हणजे पंधरा-वीस वेळा बाटलीचं बूच उघडलं जातं. सगळ्यांत घातक क्षण तोच, कारण बाटलीतलं औषध पाणी न घातलेलं असतं आणि ते झाकणाने मोजून उघड्या हाताने ढवळलं जातं. पंपामागे चाळीस रुपये हा भावच माणसाला मारतो असं मला वाटतं. जितके पंप जास्त तितके पैसे, म्हणून हात धुवायला थांबायचं नाही, वारा अंगावर आला तरी ओळ सोडायची नाही, चक्कर आली तरी दोन पंप आणखी मारायचे. पुढच्या हंगामात त्यांनी किंवा गावातल्या कुणीही फवारणी केलीच, तर ती रोजाने करावी, पंपामागे करू नये. फवारणी करणाऱ्या दहा-बारा जणांनी मिळून मालकांना हे सांगितलं तर ते होऊ शकतं. एकट्याने सांगितलं तर दुसरा माणूस येतो.

आणखी दोन गोष्टी त्यांना विचारा. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात का? आणि फवारणीच्या मध्ये तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात का? खर्रा घोटताना तळहातावरचं सगळं औषध त्या पन्नीत आणि तिथून तोंडात जातं. बाकी कितीही काळजी घेतली तरी या दोन सवयींनी ती वाया जाते.

दूध पाजू नका. प्रेमाने पाजता हे मला कळतं, पण कातडीतून गेलेल्या विषाला पोटातलं दूध काहीच करू शकत नाही, आणि माणूस गुंगीत असेल तर तेच दूध श्वासनलिकेत जाऊन जीव घेऊ शकतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, लिंबू, गूळ, तूप यांतलंही काही नको. त्रास सुरू झाला की आधी माणसाला वावरातून बाहेर मोकळ्या हवेत आणायचं. कपडे ताबडतोब उतरवायचे, फाडावे लागले तरी चालतील. मग साध्या पाण्याने आणि साबणाने डोक्याच्या केसांपासून नखांपर्यंत, काखा-जांघांसकट पंधरा-वीस मिनिटं धुवायचं. गरम पाणी नको. डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचे. धुणाऱ्याने हातात रबराचे मोजे घालावेत, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. ताई, हे काम तुम्ही करायचं नाही, दीर किंवा शेजाऱ्याला सांगायचं. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर झोपवायचं. तोवर कुणीतरी १०८ ला फोन करायचा आणि बाटली किंवा तिचा फोटो सोबत घ्यायचा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, त्याचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तुमच्या गावातल्या डॉक्टरांनाही तो द्या.

रुग्णालयात गेल्यावर खरं सांगा. पोलीस केस होईल, लोक आत्महत्येचा प्रयत्न समजतील, या भीतीने घरचे लोक ‘ताप आहे’ म्हणून सांगतात, आणि डॉक्टर तापाचे उपचार करत बसतात. पोलिसांना कळवणं ही रुग्णालयाची नेहमीची पद्धत आहे, त्यात तुमच्यावर आरोप नसतो. केसपेपरवर नुसतं ‘विषबाधा’ न लिहिता ‘शेतात फवारणी करताना झालेली विषबाधा’ असं स्पष्ट लिहायला सांगा. पुढे मदतीचा अर्ज करायची वेळ आली तर सगळं त्या एका ओळीवर अडतं. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधा येते, पण ती योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. तुमच्या नावावर वावर नाही. ज्याच्या पाठीवर पंप आहे तोच माणूस त्या योजनेबाहेर राहतो, ही गोष्ट तुमच्या ग्रामसभेत आणि तालुक्याला पुन्हा पुन्हा मांडली गेली पाहिजे.

उपचार घेऊन बरं वाटलं तरी पहिले चार दिवस लक्ष ठेवा. या विषाची एक वाईट खोड आहे. पहिली लक्षणं ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या मधे, मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. त्यांना उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगायचं. उचलता आलं नाही, बोलताना धाप लागली, गिळताना ठसका लागला, तर त्याच क्षणी परत रुग्णालयात. सुट्टी लवकर मागून घरी आणण्याचा आग्रह धरू नका. दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्या दुखणं, पायाला मुंग्या, चालताना पाऊल घासणं असं काही झालं, तर तेही याचंच असू शकतं, डॉक्टरांना फवारणीचा उल्लेख करून सांगा.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही स्वतःविषयी शेवटी दोन-तीन ओळी लिहिल्यात. मला त्या सर्वांत जास्त महत्त्वाच्या वाटल्या.

त्यांचे फवारणीचे कपडे तुम्ही धुवायचे नाहीत. त्यांनी स्वतःचे स्वतः धुवावेत, घराबाहेर, मोजे घालून, घरातल्या बाकी कपड्यांपासून वेगळे, दोनदा साबण लावून, आणि उन्हात वाळवावेत. नाल्यावर किंवा विहिरीच्या काठावर नको. वावरातून आल्यावर त्याच कपड्यांत घरात यायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, लहान मूल असेल तर आंघोळीआधी त्याला घ्यायचं नाही. पाणी घेऊन फवारणीच्या वावरात जाणं आजपासून थांबवा. नुकतं मारलेल्या पऱ्हाटीत निंदायला किंवा वेचायलाही जाऊ नका, पानं वाळलेली दिसली तरी त्यांच्यावर औषध असतंच. किती दिवस जायचं नाही ते बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात असतं. ते मागून घ्या आणि शाळेत जाणाऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या.

ही औषधं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतात. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर बायकांच्या गरोदरपणापासून त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. पोटात असताना ज्या मुलांच्या आयांचा या औषधांशी संबंध जास्त आला होता, ती मुलं सात वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत थोडी मागे पडलेली दिसली. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. आतापर्यंत झालं त्याने तुमच्या बाळाला काही झालं असेलच, असं मुळीच नाही. पण पुढचे पाच महिने तुमच्या हातात आहेत. आशाताईंना आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना फवारणीची गोष्ट स्पष्ट सांगा. पाचव्या महिन्याच्या आसपास सोनोग्राफी होतेच, ती चुकवू नका. आणि तुम्हाला स्वतःला मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांना धूसर असं काही कपडे धुतल्यावर झालं असेल, तर ते गरोदरपणावर ढकलू नका.

राहिला मालकांचा प्रश्न. मजुरी बुडेल ही तुमची भीती खोटी नाही, आणि ‘जीव महत्त्वाचा’ असं म्हणून मी ती उडवून लावणार नाही. मला वाटतं मिस्टरांनी ‘फवारणीला येत नाही’ असं न सांगता ‘डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे, तीन महिने औषधाला हात लावायचा नाही, बाकी कोणतंही काम द्या’ असं सांगावं. तपासणीला जाल तेव्हा तशी चिठ्ठी लेखी मागून घ्या. लेखी कागद पुढे केला की मालकालाही तो मोडणं अवघड जातं, कारण त्याच्या वावरात माणूस पडला तर चौकशी त्याच्याकडेही येते. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर संरक्षणाचे कपडे असलेच पाहिजेत, हेही त्याच १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे, आणि हातमोजे, चष्मा, मास्क मजुराने आपल्या पैशांतून आणू नयेत, काम देणाऱ्याने द्यावेत असं मला वाटतं. वेचणीच्या वेळी मालकांनाच हात कमी पडतात, तेव्हा तुमच्या भागात बायका गटाने भाव ठरवतात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. त्याच बायकांशी आत्ता बोला. त्यांच्यातल्या किती जणींच्या घरी संध्याकाळी असाच थरथरणारा माणूस येतो, ते एकदा विचारून बघा.

पुढच्या वर्षी त्यांनी फवारणीला जाऊ नये असंच मला वाटतं. तरीही जावंच लागलं, तर मे महिन्यात, एकही पंप उचलण्याआधी, रक्तातला कोलिनेस्टरेजचा आकडा काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. हंगामात दर महिन्याला त्याच्याशी तुलना करता येईल. छातीपेक्षा उंच पऱ्हाटीत जायचं नाही, एका वेळी एकच औषध, लाल त्रिकोणाची, म्हणजे सर्वांत विषारी औषधाची बाटली असेल तर हात लावायचा नाही, वारा पाठीमागून असेल तेव्हाच आणि सकाळी किंवा उन्हं उतरल्यावरच काम करायचं. पाठ आणि पंप यांच्या मधे प्लास्टिकची जाड पट्टी बांधायची, पंपाचं वायसर स्वतः तपासून घ्यायचं. मोजे नायट्रिल रबराचे हवेत, कापडी नको, आणि पँट बुटांच्या बाहेर ठेवायची, आत खोचायची नाही, म्हणजे ओघळ बुटात जात नाही.

सरकारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत २०२३ च्या ऑगस्टपासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशांसाठी थांबू नका. तपासणी झाली की रिपोर्टवरचा आकडा, त्याच्या शेजारी छापलेला लॅबचा नॉर्मल पल्ला आणि शेवटची फवारणी कोणत्या तारखेला केली ते लिहून मला पाठवा. बाटल्यांचे फोटो मिळाले तर तेही पाठवा.